जंगीचा दगड

आमच्या टॉवरच्या पोडियमवर दर दिवाळीत पोरं किल्ला करतात आणि परीक्षक म्हणून मला बोलावतात. सेक्रेटरी स्वतः दारात येऊन सांगतो, "मॅडम, किल्ल्यातलं तुमच्याइतकं बिल्डिंगमध्ये कुणाला कळतंय?" मी जाते. बुरूज कुठे हवा होता, दरवाजा समोरून दिसतोय हे का चुकलं, पाण्याचं टाकं कुठे गेलं, सगळं तावातावाने बोलते. पोरं माना डोलावतात, आया मोबाईलवर शूटिंग करतात. मग घरी येते आणि मला जेवण जात नाही. आईला वाटायचं ॲसिडिटी.

ॲसिडिटी कसली डोंबलाची. मी चोर आहे. एका गडाचा दगड मी चोरून आणला होता. गडाचं नाव लिहीत नाही, कारण ते लिहिलं तर गाव कळेल आणि गाव कळलं तर तो माणूस कळेल. माझ्यामुळे त्याचं जे झालं ते पुरे आहे.

तेव्हा आम्ही परळच्या चाळीत राहायचो. गिरणी बंद पडल्यावर वडील एका कंपनीच्या गेटवर बसायला लागले होते, आई घरी मसाले करून द्यायची. चाळीच्या मागे नळाशेजारी जरा मोकळी जागा होती, तिथे दिवाळीचा किल्ला व्हायचा. हे पोरखेळाचं काम नव्हतं बरं का. आजूबाजूच्या सगळ्या चाळींची स्पर्धा असायची, आणि नंबर आला नाही तर मिशा फुटलेले बाप्ये चार दिवस तोंड पाडून फिरायचे. विटा, डबर, गोणपाट, कुठल्यातरी बांधकामावरून ढापलेली लाल माती. हे सगळं मुलगे करणार. मुलींनी काय करायचं? अळीव पेरायचे, मोहरी पेरायची, वरून पाणी शिंपडायचं आणि "काय मस्त झालाय रे" म्हणायचं. मला ह्याचा असा संताप यायचा की सांगायची सोय नाही.

मी एकोणीस वर्षांची होते आणि लायब्ररीतली किल्ल्यांची होती नव्हती ती पुस्तकं वाचून काढली होती. एकदा मी म्हटलं, दरवाजा असा उघडा समोर ठेवू नका, दोन बुरुजांच्या आड वळवा. तर मंडळाचा म्होरक्या चिखलाने भरलेले हात झटकत म्हणाला, "तू अळीव बघ गो, उगवले की नाय ते." सगळे फिदीफिदी हसले. माझं डोकंच सटकलं. ह्यांना दाखवतेच, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. काय दाखवणार ते मात्र मला माहीत नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मंडळाची पोरं खरा गड बघायला निघाली. मी हट्टाने त्यांच्यात घुसले. आईने चिवड्याचा मोठा डबा माझ्या सॅकमध्ये कोंबला आणि म्होरक्याला मालवणीत दम भरला, "चेडवाक संबाळून आणा रे." परळ डेपोतून पहाटेची एसटी, मग दोन तास जीप, आणि मग पायथ्याचं ते गाव.

गावातून एक मामा आमच्याबरोबर वर आले. मुंबईची पोरं गावाकडच्या कुठल्याही पुरुषाला मामाच म्हणतात, तसे हे मामा. पन्नाशीचे, काटक, डोक्याला टॉवेल, पाय अनवाणी. गडावरच्या देवीची दिवाबत्ती त्यांच्याकडे होती. रोज सकाळी चढायचं, दिवा लावायचा, टाक्यातला पालापाचोळा काढायचा आणि तटाच्या कडेने एक फेरी मारायची. कुठला दगड निसटला असेल तर तो उचलून जागच्या जागी बसवायचा. ह्याचा कुणी पगार देत नव्हतं. बापाने केलं म्हणून ते करत होते, आणि गावात त्यांना मान होता तो ह्याच कामाचा.

गड पडका होता. सदरेचा नुसता चौथरा राहिलेला, दारूकोठाराला छप्पर नाही, वाड्यांच्या जोत्यांवर निवडुंग. पण तट आणि दरवाजा अजून छाती काढून उभे होते. दरवाजाच्या अलीकडे मामांनी आम्हाला थांबवलं. "आता सांगा, दरवाजा कुठंय?" समोर नुसती भिंत. पोरं इकडे तिकडे बोटं दाखवायला लागली. मी म्हटलं, "ह्या दोन बुरुजांच्या मधून वाट वळते ना, त्याच्या आत. खालून येणाऱ्याला शेवटपर्यंत दिसत नाही. आणि दिसला की तो दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात सापडतो, हत्तीला धावत येऊन धडक मारायला जागाही नाही."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "ह्या पोरीला कळतंय रं," ते म्हणाले.

मी म्होरक्याकडे वळून म्हटलं, "तू आता जा आणि अळीव बघ." तो इतका लाल झाला की माझा जन्म सार्थकी लागला.

त्यानंतर मामांनी मला सोडलंच नाही. दरवाजाच्या आतल्या देवड्या दाखवल्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसायच्या खोल्या. अडसर सरकवायची भिंतीतली खोल भोकं दाखवली, त्यात माझा हात खांद्यापर्यंत गेला. आणि मग उत्तरेच्या तटावर नेऊन जंगी दाखवली. जंगी म्हणजे बंदूक किंवा बाण रोखायला तटात ठेवलेलं तिरपं भोक. आतून ऐसपैस, बाहेरून जेमतेम वीतभर, आणि खाली वाटेकडे उतरत गेलेलं. "डोळा लाव," मामा म्हणाले. मी लावला. खालच्या वळणावर आमचा म्होरक्या निवांत नाक कोरत उभा होता आणि त्याला पत्ताही नव्हता की मी त्याला बघतेय. मी हसून हसून बेजार झाले. मामाही हसले.

मग त्यांनी जंगीच्या आतल्या तोंडाशी बसवलेल्या दगडावरून हात फिरवला. अर्ध्या विटेपेक्षा मोठा, एका बाजूने उतरता घडवलेला, छिन्नीचे टाके अजून दिसत होते. "चुना कवाच गेला, पोरी. आता दगड दगडाला धरून बसलाय. एक काढला की शेजारचा सैल. मग त्याच्या शेजारचा." हे त्यांनी मला सांगितलं होतं. मला एकटीला सांगितलं होतं. नंतर कुणी म्हणायला नको की तिला बिचारीला माहीत नव्हतं.

टाक्यावर मी आईचा डबा उघडून त्यांना चिवडा दिला, त्यांनी आम्हाला पाणी पाजलं. माझ्या ओंजळीत स्वतः तांब्याने पाणी ओतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गडावरनं काय न्यायचं न्हाई. पानी प्यायचं आन उतरायचं." मग ते देवीपाशी गेले. पोरं चिवडा खायला बसली. मी जंगीपाशी परत गेले.

दगड हलत होता. पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा. मी दोन्ही हातांनी धरून हलवला, आणि तो माझ्या हातात आला.

इतकी वर्षं मी एका सबबीमागे लपले, की मी तो भक्तीने घेतला. आमच्याकडे गडावरची चिमूटभर माती आणून दिवाळीच्या किल्ल्यात मिसळायची पद्धत होती. माती कपाळाला लावायची, मग चिखलात टाकायची. मी म्हटलं, माती चालते तर दगडाने काय घोडं मारलंय? आपल्या किल्ल्याला खऱ्या गडाचा खरा दगड लागला तर पुढच्या वर्षी मला अळीव पेरायला सांगायची कुणाची छाती होईल? भक्ती होती, नाही असं नाही. पण माज तिच्याहून जास्त होता.

दगड सॅकच्या तळाशी घातला, वर ओढणी, वर चिवड्याचा डबा.

उतरताना मामा दरवाजापाशी उभे राहिले आणि एकेकाची पिशवी उघडायला लावली. त्यांची रीतच होती ती. मागे कुणीतरी तोफगोळा उचलून नेला होता म्हणे. म्होरक्याच्या सॅकमध्ये त्यांनी कोपरापर्यंत हात घालून बघितलं. मग माझा नंबर आला. मी सॅकच्या बंदाला हात घातला, तर मामा म्हणाले, "तुझी कशाला बघू, पोरी? तुला तर कळतंय."

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी आज सुखाने जेवले असते. पण उतरणीला सॅक मला खाली ओढायला लागली, मी दोनदा घसरले. मामा म्हणाले, "आन हिकडं ती पिशवी." मी नको नको म्हटलं. त्यांनी माझ्या पाठीवरून ती काढून स्वतःच्या पाठीवर टाकली आणि हसले, "काय भरलंयस गं, दगूड?" मीही हसले. खरंच हसले. आणि पायथ्यापर्यंत तो माणूस आपल्या गडाचा दगड आपल्या पाठीवरून वाहून माझ्यासाठी खाली घेऊन आला.

त्या दिवाळीत आमच्या चाळीचा पहिला नंबर आला. दगड मी दरवाजाच्या माथ्यावर बसवला होता आणि शेजारी पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'गडावरचा अस्सल दगड.' लोक रांगा लावून बघायला आले. कुणी विचारलं नाही की हा आणला कसा. म्हातारेकोतारे चप्पल काढून नमस्कार करत होते, आणि म्होरक्या सगळ्यांना सांगत सुटला होता की आम्ही आणला. आम्ही! दिवाळी संपली, किल्ला मोडला. दगड मी घरी आणून पलंगाखाली ढकलला.

दुसऱ्या दिवशी बघते तर आईने तो धुऊन, पुसून, देवांच्या फळीवर बसवलेला. त्याला शेंदूर फासलेला, वर जास्वंदीचं फूल. मी म्हटलं, आई, अगं दगड आहे तो. आई म्हणाली, "गडावरचो ना? मगे?" झालं. आमच्या आईशी देवाच्या बाबतीत वाद घालायची कुणाची टाप नव्हती. हळूहळू शेजारणी यायला लागल्या. परीक्षेला जाणारी पोरं त्याच्या पाया पडून जायची. एका बाईने नातवासाठी नवस बोलला आणि नातू झालाही. चोरीचा माल आणि त्याला नारळ!

चाळ पाडली तेव्हा टेम्पोत फ्रीजला जागा नाही असं कळलं तरी आईने हूं का चूं केलं नाही, पण दगड मांडीवर घेऊन बसली. ट्रान्झिट कॅम्पातून तो टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर आला. दरम्यान वडील गेले, मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले, लग्न केलं नाही, आईजवळच राहिले. दर मंगळवारी शेंदराचा एक हात बसत गेला, आणि जंगीचा तो उतार, छिन्नीचे टाके सगळे आत बुजून गेले. मलाही सोयीचं झालं. शेंदराखालचं काही दिसत नव्हतं.

त्या गडावर मी अठ्ठावीस वर्षं गेले नाही. बाकी सगळे गड केले. मग मागच्या हिवाळ्यात लॅबमधल्या पोरींनी ट्रेक ठरवला आणि तोच गड निवडला. मी सांगून बघितलं की त्यापेक्षा चांगले आहेत. त्या म्हणाल्या, "मॅम, तुम्ही आहात ना समजावून सांगायला." बहाणे संपले. शिवाय मनात कुठेतरी होतंच की एकदा बघून यावं, तट आहे का जागेवर.

नव्हता. उत्तरेच्या तटाचा एवढा मोठा घास गेलेला. जिथे तीन जंग्या होत्या तिथे आरपार आभाळ. दगड खालच्या झाडीत कुठे विखुरले होते. लॅबमधली एक पोरगी म्हणाली, "मॅम, हे युद्धात पडलं का?" मी म्हटलं, पावसाने पडलं असेल.

खाली उतरल्यावर एका घरी जेवायची सोय केली होती. पिठलं, भाकरी, ठेचा. वाढणारी बाई बोलकी होती. अंगणाच्या टोकाला एक म्हातारा पाठमोरा बसून वाल सोलत होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वरती तट केव्हा पडला?" बाईने एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

तो तिचा सासरा होता. मामा.

तट पडून पंधरा-सोळा वर्षं झाली, ती म्हणाली. आधी एका जंगीचा दगड नाहीसा झाला होता. मामांनी तो झाडीत शोधला, मिळाला नाही. त्या भोकात दगडाच्या चिपा ठोकून त्यांनी तट कसाबसा धरून ठेवला, दर पावसाळ्याआधी नव्या चिपा. पण एका पावसात सगळं बसलं. त्याच वर्षी खाली कुणीतरी बंगला बांधला, जोतं काळ्या दगडाचं. गावात कुजबुज सुरू झाली की म्हाताऱ्यानेच दगड विकले. नाहीतर पहिला दगड गेला कुठं? ह्याच्या नजरेतून तर चिमणी सुटत नाही. भरल्या गावासमोर मामांनी देवीपुढे हात वर करून शपथ घेतली, की माझ्या हातनं गडाचा एक दगड खाली उतरला असंल तर माझ्या हातचा दिवा देवीनं घेऊ नये. काहींनी मानलं, काहींनी नाही. पुढच्या महिन्यात दिवाबत्ती दुसऱ्या घराकडे गेली. तेव्हापासून मामा गडावर चढले नाहीत. "मुकं झाल्यावानी झालंय बघा त्यांचं," सून म्हणाली. "भाकर वाढू?"

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "अर्धी द्या." मूग गिळून गप्प बसले, अर्धी भाकरी खाल्ली, हात धुतले, मामांच्या पाठीकडे न बघता गाडीत जाऊन बसले. एकोणीस वर्षांची होते तेव्हाच्या चोरीला निदान वयाची सबब होती. ह्या गप्प बसण्याला काय होतं? सत्तेचाळीस वर्षांची घोडी झाले होते मी.

घरी आल्यावर तीन आठवडे मी चोरासारखी वावरले. देव्हाऱ्याकडे बघवेना. शेवटी एका मंगळवारी आई शेंदराची वाटी घेऊन बसली तेव्हा तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. मामांची पाठ, शपथ, अर्धी भाकरीसुद्धा. आई आता ऐंशीची आहे, तिला कमी ऐकू येतं, म्हणून मला हे सगळं ओरडून सांगावं लागलं. स्वतःची चोरी ओरडून सांगायची म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत.

आईने शेंदराची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "चोरयेचो देव पुजलंय मी? इतकी वर्सां?" आणि माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा तिने चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीत पाट टाकून बसलेली. गरम पाणी, सोडा, जुना चाकू. बोटभर थर होता शेंदराचा, ती एकेक पापुद्रा काढत होती. मी म्हटलं, राहू दे ना, तसाच देते. ती मान वर न करता म्हणाली, "जसो आणलंस तसो परत दी." दोन दिवस लागले. छिन्नीच्या खाचांत थोडा लाल रंग राहिलाच. स्वतःच्या एका सुती लुगड्याचा तुकडा फाडून तिने दगड त्यात गुंडाळला, कापडी पिशवीत घातला आणि मला बजावलं, "खाली ठेवू नको. मांडयेर घेवन बस."

मी मांडीवर घेऊन बसले. परळ ते गाव, सगळा प्रवास.

मामा अंगणातच होते, बाजेवर. मला ओळखलं नाही. "या बाई, बसा," म्हणाले. सुनेने ओळखलं, "मागल्या खेपेला आल्ता न्हवं?" मी दगड मामांच्या पुढ्यात ठेवला आणि लुगडं उलगडलं. त्यांनी वाकून बघितलं. मग बोट त्या उतारावरून फिरवलं, अगदी तसंच, जसं तेव्हा फिरवलं होतं.

"ह्यो उत्तरंच्या तटाचा," ते म्हणाले. "कुटं गावला?"

मी सांगितलं. पायांना हात लावून सांगितलं. सून ऐकत होती, ती एकदम किंचाळली, "ऐकलं का, ऐकलं का! या गं समदी, या!" शेजारपाजारची माणसं गोळा झाली. ती माझ्या दंडाला धरून म्हणाली, "सांगा आता परत. ह्यांच्यासमोर सांगा." मी परत सांगितलं. मोठ्याने. मी मुंबईची अमुक, मी हा दगड तटातून काढला, मी तो नेला, मामांचा ह्यात काही दोष नाही. एक म्हातारा काठी टेकत म्हणाला, "म्हंजी ह्यानं इकला न्हवता." सुनेने पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, झालं. उशिरा का होईना, त्यांचं नाव त्यांना परत मिळालं. मला, खोटं कशाला बोलू, जरा हलकंसुद्धा वाटलं.

मामा मात्र माझ्याकडे टक लावून बघत होते. "थांबा," ते म्हणाले. "चिवड्याच्या डब्याची पोरगी तुमीच?"

"हो मामा."

"ती पिशवी मीच आनली हुती खाली."

म्हातारा काठीवाला जमिनीकडे बघायला लागला.

"मी देवीम्होरं हात वर केला," मामा म्हणाले. "म्हटलं, माझ्या हातनं एक दगूड उतरला न्हाई. आन माझ्याच पाठीवरनं उतरला."

"मामा, तुम्हाला माहीत नव्हतं. तुमचा काय दोष?"

"देवीला माहीत हुतं की."

मी त्यांचं नाव परत द्यायला गेले होते आणि त्यांची शपथ काढून घेऊन बसले. चारचौघांत विकल्याचा आळ आला तरी हा माणूस आतून ताठ होता, मी खरं बोललो एवढ्यावर. तेवढं एक होतं त्यांच्याकडे, तेही मी लुगड्यात गुंडाळून नेलेल्या दगडाने मोडलं. आणि ते पुरेसं नव्हतं म्हणून वर साक्षीदार जमवून मोडलं.

मामा उठले. टॉवेल डोक्याला गुंडाळला, दगड लुगड्यात बांधून पाठीवर घेतला. सून म्हणाली, "बाबा, ह्या वयात?" मी पुढे झाले, "मामा, मी घेते. मी आणलाय इथपर्यंत." त्यांनी मला हाताने बाजूला केलं.

"मी उतरवला. मीच चढवनार."

ऐंशीला टेकलेला माणूस आणि ती चढण. दर वीस-पंचवीस पायऱ्यांवर ते बसायचे, छातीचा भाता चालायचा, मी मागे रिकामी पिशवी हातात घेऊन उभी. पाण्याची बाटली पुढे केली, घेतली नाही. दोनदा पाय सरकला त्यांचा, मी धरायला गेले तर त्यांनी कातळ धरला, माझा हात नाही. मला वाटत होतं त्यांनी मला शिव्या घालाव्यात, रांडेच्चे म्हणावं, काहीही म्हणावं. चढायला तीन तास लागले.

वर गेल्यावर आधी ते देवीपाशी गेले. मी बाहेर थांबले. आत काय बोलले ते ऐकू आलं नाही, मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. मग पडक्या तटापाशी गेले. दगडाला जागाच नव्हती, जंगीच नव्हती तर दगड बसवणार कशात? उरलेल्या भिंतीच्या टोकाशी त्यांनी तो टेकवला, खाली चिपा ठोकल्या, हलवून बघितला, अजून एक चीप ठोकली. शेंदराच्या खाचांवरून अंगठा फिरवला. "कुणी पुजला?" विचारलं. मी म्हटलं, "माझ्या आईने." त्यांनी मान हलवली.

टाक्यावर आले. तांब्या भरून त्यांनी माझ्यापुढे धरला, मी ओंजळ केली, त्यांनी पाणी ओतलं. तेवढ्याने मला भडभडून आलं. मला वाटलं, माफ केलं. मी पाणी प्याले, तोंडावरून हात फिरवला, आणि आम्ही परतीला लागलो.

दोन बुरुजांच्या मधल्या दरवाजात मामा माझ्यापुढे गेले आणि वळून उभे राहिले. वाट अडवून.

"बाई," ते म्हणाले, "पिशवी दाखवा."

मी कापडी पिशवी दोन्ही हातांनी उघडून धरली. त्यांनी आत हात घातला, तळापर्यंत नेला, दोन्ही कोपरे चाचपून बघितले. मग बाजूला झाले.

"जावा आता."